कॉरिडॉरचे नकाशे आणि केळीचा कंटेनर

इराणचं चाबहार बंदर, आखातामार्गे युरोपला जाणारा आयमेक, इराणमार्गे रशियाला जाणारा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर, असल्या व्यापारी मार्गांची काही बातमी आली की जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-सावद्याकडे लगेच चर्चा सुरू होते, आता केळीला भाव येणार. थोडं दमानं घ्या, भाऊ.

निर्यातीची केळी पंचाहत्तर-ऐंशी टक्के पक्वतेला कापतात. फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन साधारण १३ किलोच्या खोक्यात भरतात, प्री-कूलिंग करतात, मग माल ४० फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये जातो. दीड हजार खोकी, म्हणजे वीसेक टन. आत तापमान १३ ते १४ अंशच हवं. खाली गेलं तर साल करडी पडते आणि माल नीट पिकत नाही. वर गेलं आणि एखादी फणी पिकायला लागली, तर तिच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची खोकीही पिवळी पडतात. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर तीन-चार दिवसांवर, तेवढं केळी सोसते. जहाज बाहेर ताटकळलं किंवा यार्डात रीफरला विजेचा प्लग मिळाला नाही, की वाट लागते.

इराणचं दुखणं वेगळं. अन्नधान्य-फळांना अमेरिकी निर्बंधांतून सूट आहे, पण बँका हात लावायला घाबरतात. पूर्वी आपण तेल घ्यायचो, त्याचे रुपये यूको बँकेत इराणच्या खात्यात पडायचे आणि निर्यातदाराचे पैसे त्यातून सुटायचे. मे २०१९ मध्ये तेल थांबलं, खातं आटत गेलं. चाबहारला २०१८ मध्ये या निर्बंधांतून सूट मिळाली, मे २०२४ मध्ये ते बंदर चालवायचा भारताचा दहा वर्षांचा करार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सूट काढली, मग पुन्हा सहा महिन्यांची दिली. असल्या मुदतीवर शीतगृह कोण बांधणार? आयमेकची घोषणा सप्टेंबर २०२३ ची, पुढच्याच महिन्यात गाझा पेटलं. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची तर २०१४ नंतर शिखर परिषदच नाही.

माझं मत विचाराल तर मोठ्या घोषणांपेक्षा शेजाऱ्यांशी केलेले रुक्ष, बारके करार जास्त टिकतात. यूएईशी जुलै २०२३ मध्ये झालेला रुपया-दिरहम व्यवहाराचा करार असाच. त्याचा फोटो कुणी फ्रेम करणार नाही, पण पैसे डॉलरविना येऊ शकतात. आता बंदरांचं बघा. जेबेल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. ओमानचं सोहार, यूएईची फुजैरा आणि खोर फक्कान बाहेर. होर्मुझमध्ये ताण वाढला की विम्याचा हप्ता चढतो, तेव्हा माल बाहेरच उतरवून ट्रकने दुबईला न्यायची सोय आधीपासून ठरलेली हवी. पुढारी आले की कॉरिडॉरचं राहू द्या. सोहारला रीफरचे प्लग किती, आणि ओमानची सीमा ओलांडताना कंटेनरचं सील पुन्हा तोडावं लागतं का, हे विचारा.