श्री. पेढा आणि कु. चटणी

ही पावती मी अजून फाडलेली नाही. गुलाबी, पातळ कागद, खालच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून बॉलपेन दाबून लिहिलेले, आणि मजकूर असा : 'प्रौढ ४, अर्धे १, मोफत १.' आमच्या घरात प्रौढ दोनच आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या प्रौढपणाबद्दल माझ्या पत्नीने वेळोवेळी शंका व्यक्त केलेली आहे. उरलेल्या दोन प्रौढांपैकी एक आत्ता माझी डावी चप्पल चावत आहे आणि दुसरी, त्याचे कधी आटोपते याची वाट पाहत, उजव्या चपलेवर पंजा ठेवून बसलेली आहे.

पेढा हा आमचा लॅब्रॅडॉर, रंगाने पेढ्यासारखा आणि पेढ्यासाठी कोणाच्याही घरी राहायला जाईल असा. चटणी ही कारवानी जातीची, शेंगाचटणीच्या तांबूस रंगाची, शिडशिडीत आणि चारही पायांनी तिखट. नावे मुलांनी ठेवली. मुलेही दोनच : चिरंजीव सात वर्षांचे आणि कन्या चार वर्षांची. या चौघांना घेऊन तंबूत एक रात्र काढण्याची कल्पना माझी होती, हे येथे मी स्वतःहून सांगून टाकतो, कारण घरात ते मला दर तासाला सांगितले जात आहे.

आमच्या सोलापूरहून निघाले की टेंभुर्णीच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एक कृषी पर्यटन केंद्र आहे. हुरड्याचा हंगाम, थंडी, पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी, तंबू आणि शेकोटी असे सगळे त्याच्या जाहिरातीत होते. जाहिरातीच्या छायाचित्रात एक कुटुंब तंबूपुढे बसून सूर्यास्त पाहत होते आणि त्यांचा कुत्राही सूर्यास्त पाहत होता. मला तेव्हाच कळायला हवे होते. सूर्यास्त पाहणारा कुत्रा मी आजवर पाहिलेला नाही. आमची दोघे त्या वेळी सूर्य सोडून बाकी सगळ्याच्या मागे लागतात. तरीही खबरदारी म्हणून मी आधी फोन करून विचारले होते, "कुत्री चालतील का?" "चालतील की," पलीकडून उत्तर आले, "का? लंगडी हायती काय?" मी हसलो. तो विनोद नव्हता, त्या गृहस्थांची विचार करण्याची रीतच तशी होती, हे मला शनिवारी दुपारी त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर समजले.

त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकचे टेबल, त्यावर पावतीपुस्तक, ते उडू नये म्हणून ठेवलेला अर्धा नारळ, आणि पाठीमागे झाडाला खिळ्याने ठोकलेला दरफलक : प्रौढ (१२ वर्षांवरील) १२०० रुपये, ५ ते १२ वर्षे ६०० रुपये, ५ वर्षांखालील मोफत. अण्णांनी पांढरी टोपी मागे सारली, गाडीतून उतरणाऱ्या आम्हा सर्वांना बोट दाखवून मोजले आणि सहा हा आकडा तळहातावर लिहिला.

"तुम्ही दोघं फुल. पोरगं?"

"सात वर्षांचा."

"अर्धं. पोरगी?"

"चार."

"मोफत. आन् ह्ये दोघं?"

"ही कुत्री आहेत," मी म्हणालो.

"ते दिसायलंय की मला. वय काय?"

वयाचा येथे काय संबंध, असे मी विचारले. अण्णांनी मान न वळवता अंगठ्याने पाठीमागचा फलक दाखवला. "बोर्डावर वय लिहिलंय ओ साहेब. जात कुठं लिहिलीय?"

खरे तर मी तेथेच आवाज चढवायला हवा होता. पण मला वाटले, वयाचाच हिशेब असेल तर बाजी आपली आहे. पेढा नुकताच एक वर्षाचा झालेला, चटणी तीन वर्षांची. दोघेही पाच वर्षांखालील, म्हणजे फलकाप्रमाणे मोफत. हे मी जरा विजयी स्वरातच सांगितले. अण्णांनी डोळे मिटले. ते हिशेब करीत आहेत हे त्यांच्या हलणाऱ्या अंगठ्यावरून कळत होते. बोटांच्या पेरांवरून अंगठा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"कुत्र्याचं एक वरीस म्हंजी माणसाची सात," ते डोळे उघडून म्हणाले. "हा सात वर्साचा, अर्धा. ही तीन साते एकवीस, फुल. झालं की."

आता यानंतर जे घडले त्याला अण्णा जबाबदार नाहीत. माणसाला कोठे गप्प बसावे हे कळत नाही, आणि ज्याने पेढा घरी आणल्यापासून कुत्र्यांवरचे दिसेल ते वाचून काढलेले आहे त्याला तर मुळीच कळत नाही. सातने गुणण्याचा हा हिशेब शास्त्रीय नाही, असे मी म्हणालो. पशुवैद्यक मंडळींच्या मते मध्यम आकाराच्या कुत्र्याचे पहिले वर्ष माणसाच्या साधारण १५ वर्षांइतके असते, दुसरे ९ वर्षांइतके, आणि त्यापुढचे प्रत्येक वर्ष सुमारे ५ वर्षांइतके. तेव्हा सरसकट सातने गुणणे ही लोकांची गैरसमजूत आहे, असे मी लिंबाच्या झाडाखाली उभा राहून, दोन्ही हातांतल्या दोन पट्ट्यांना दोन दिशांनी हिसके बसत असताना, एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात समजावून सांगितले. पत्नीने माझी बाही ओढली. मला वाटले, कुत्रे ओढत आहे.

"म्हंजी ह्यो पंध्रा?" अण्णांनी पेढ्याकडे नव्या आदराने पाहिले.

"हो," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला कळले.

"बारावरचा हाय मग. फुल." त्यांनी पावतीवरचा आकडा खोडला. "बरं झालं सांगितलाव. माज्याकडनं चूक झाली असती. आन् ही? पंध्रा आन् नऊ चोवीस, आन् पाच…" त्यांचे पेन थांबले. "एकोणतीस?"

"साधारण."

"आन् लगीन?"

नाही, असे मी सांगितले. अण्णांनी चटणीकडे पाहून खेदाने जीभ टाळ्याला लावली, तिच्या नावामागे 'कु.' लिहिले, आणि मग न्याय सारखा असावा म्हणून पेढ्याच्या नावामागे 'श्री.' लिहिले. एकूण रुपये ५४०० फक्त. तीन हजारांच्या तयारीने गेलेल्या माणसाला २४०० रुपयांचा हा भुर्दंड, आणि त्यांतले ६०० तर निव्वळ माझ्या विद्वत्तेचे. परत फिरावे तर मुले झोपाळ्यावर पोचली होती आणि कन्येने दोन्ही चपला काढून कोठेतरी टाकलेल्या होत्या. मी पैसे दिले. वाचलेले सगळे बोलून दाखवू नये, असे पत्नी तंबूकडे जाताना म्हणाली, आणि पुढे संध्याकाळभर ती काहीच म्हणाली नाही, हे जास्त वाईट होते.

तिकडे पाण्याकडे जाणारी वाट आणि हरभऱ्याच्या शेताकडे जाणारी वाट जेथे फुटते तेथे मी उभा होतो. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करीत, जाळ्यातून निसटलेले मासे आणि पाण्यातले दोर ओढून आणीत. त्यामुळे पाणी दिसले की पेढ्याला नोकरीची आठवण होते. कारवानी ही नजरेने शिकार करणारी जात. क्षितिजावर काही हलले की तिचा पट्टा ताठ होतो, आणि आमच्या जिल्ह्याच्या उघड्या माळावर काळवीट, ससा, मेंढरू असे काही ना काही हलतच असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला संरक्षण दिलेले आहे, मेंढराला त्याच्या मालकाच्या काठीने. म्हणून तिला सोडणे शक्य नव्हते. ओढाताण हा शब्द मी आजवर महिनाअखेरीपुरताच वापरत आलो होतो. त्या दिवशी माझा उजवा हात धरणाकडे गेला, डावा हरभऱ्याकडे, आणि उरलेला मी नुकतेच पाणी दिलेल्या काळ्या मातीत बसलो. शेवटी पेढा सुटलाच आणि पाच मिनिटांनी एक थर्माकोलचा तुकडा आणि त्याला लटकलेले कोणाचे तरी अर्धे जाळे माझ्या पायांशी आणून, शेपटी हलवीत, पगाराची वाट पाहत उभा राहिला.

पाण्याबद्दल येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि त्यात ११७ टीएमसी पाणी मावते. सोलापूर शहर हेच पाणी पिते. पण आमच्या नळाला ते काही दिवसांच्या आड येते, तेही पहाटे, तेही अशा बारीक धारेने की बादली भरेपर्यंत माणूस उभ्या उभ्या झोपून घेतो. आंघोळीचे पाणी फरशीला आणि फरशीचे कुंडीला घालण्यात आमची अर्धी हयात गेली. आणि येथे आमचा कुत्रा त्याच पाण्यात यथेच्छ डुंबून, बाहेर येऊन, ते माझ्या अंगावर झटकत होता. मला राग कुत्र्याचा आला नाही. माझ्या वाट्याचे पाणी मला प्रथमच पूर्ण दाबाने मिळत होते.

संध्याकाळी आगटी पेटली. गुळभेंडीचा हुरडा, वर दही, गूळ, शेंगाचटणी, असा बेत होता आणि तो उत्तम होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण ताटे आली ती अडीच : दोन पूर्ण, एक अर्धे आणि कन्येपुढे एक रिकामी वाटी. प्रौढ चार आहेत, पैसे चार प्रौढांचे घेतलेले आहेत, तर उरलेली दोन ताटे कोठे आहेत, असे मी अण्णांना विचारले. मला हुरडा कुत्र्यांना घालायचा नव्हता; मला तो स्वतः खायचा होता. माझ्या मते तो माझा नैतिक हक्क होता.

अण्णांना धक्का बसला. "कुत्र्याला ताट?" ते म्हणाले. "माणसं जेवायलीत ओ हितं."

"फी घेताना तुम्ही त्यांना माणसात धरलेत."

"वय धरलं. वयानं सगळीच मोठी होत्यात, म्हणून पंगतीला बसत्यात काय?" आणि मग, मी अगदीच कद्रू ठरू नये म्हणून असेल, त्यांनी एका पत्रावळीवर भाकरी, दही आणि भरपूर चटणी घालून ती कुत्र्यांपुढे सरकवली. मी झडप घालून ती उचलली, कारण शेंगाचटणीत लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्यांना बाधतो. "चटणीला चटणी चालत न्हाई?" अण्णांनी विचारले, आणि आगटीभोवतीची सगळी मंडळी इतकी हसली की शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ ठसका लागून उठून गेले. मी ती पत्रावळ स्वतः खाल्ली. कुत्र्याचे ताट खाणारा माणूस म्हणून त्या ठिकाणी माझी ओळख झाली, ती परतेपर्यंत टिकली.

तंबू चार माणसांचा होता. त्यात सहाजण झोपले. दोन सोलापुरी चादरींपैकी एक पेढ्याच्या खाली होती आणि दुसरी त्याच्या अंगावर; बाकीचे आम्ही एकमेकांवर. मध्यरात्री पलीकडच्या उसात कोल्हेकुई सुरू झाली. चटणीने एकदाच कान टवकारले आणि मग, तंबूची चेन बंद आहे हा तपशील विचारात न घेता, ती बाहेर गेली. बरोबर चेन गेली, दोन खुंट्या गेल्या, आणि कापड हळूहळू आमच्या अंगावर उतरले. त्याखालून कन्येने शांतपणे विचारले, "बाबा, आता सकाळ झाली का?"

मी मोबाइलचा उजेड घेऊन, अनवाणी, दहिवराने भिजलेल्या ज्वारीच्या धांड्यांतून "चटणी! चटणी!" असे ओरडत धावत होतो. रात्रीचे अडीच वाजले होते. एकेका तंबूत दिवे लागले. कोणीतरी "यांचं अजून जेवणच चाललंय" असे म्हणालेले मला स्पष्ट ऐकू आले. आणि मग बांधावरून एक बॅटरी डुलत येताना दिसली. अण्णा होते. खांद्यावर घोंगडी, डाव्या हाताने गळ्यातल्या पट्ट्याला धरलेली, धापा टाकणारी, अत्यंत समाधानी चटणी. उजव्या हातात झाकण लावलेली स्टीलची वाटी.

"दोन्ही आणल्यात," ते म्हणाले. "तुम्हाला कुठली पायजे होती, कळंना."

सकाळी निघताना त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूला 'चटणी १ वाटी, ४० रुपये' असे लिहून ती माझ्यापुढे धरली. मी ४० रुपये दिले. वाद घालण्याचे त्राण नव्हते, आणि तंबूच्या चेनीबद्दल त्यांनी अजून काही काढलेले नव्हते. गाडीत पुढच्या सीटवर चटणी बसली, कारण ती मोठी आहे आणि पुढे मोठी माणसेच बसतात, असे चिरंजीवांनी पावती वाचून सिद्ध केले. पत्नी मागे, ओल्या पेढ्याशेजारी बसली. सोलापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

काल संध्याकाळी अण्णांचा फोन आला. पुढच्या महिन्यात सहा प्रौढांच्या ग्रुपला दहा टक्के सूट ठेवली आहे, तुमचे चार होतातच, अजून दोन आणा, असे ते म्हणाले. "माणसंच पायजेत असं न्हाई," त्यांनी खुलासा केला. मी संतापून फोन ठेवला. मग जिना उतरून खालच्या मजल्यावर गेलो आणि तेथल्या पामेरियनचे वय विचारून आलो.