जंताचं औषध आधी की पाणी आधी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

मादागास्करहून आलेल्या लीफटेल गेको, म्हणजे पानासारख्या शेपटीच्या पाली, पहिल्या महिन्यात कशा सांभाळायच्या, या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी कडक शब्दांत लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. रानातून धरलेला प्राणी पोटात जंत घेऊनच येतो, त्यामुळे "आल्या आल्या जंतनाशक देऊ नका" हा माझा सल्ला घातक आहे. तुमच्या दोन पालींपैकी एक दोन आठवड्यांत दगावली ती जंतांमुळेच. दुसरं, मी एसी लावा म्हणतो, पण एसीनं हवा कोरडी होते, आपल्या मराठवाड्यात घरोघर कूलर असताना एसीचा खर्च कशाला. आणि तिसरं, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे पावसाळी जंगलातला प्राणी पाळायचा नाद मी लोकांना लावतोय.

तुमची पाल गेली याचं मनापासून वाईट वाटलं. दुसरी अजून आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल असं ठरवून लिहितोय.

जंतांपासून सुरू करतो. रानातून धरलेल्या जवळपास प्रत्येक पालीच्या पोटात काही ना काही असतंच, यावर आपलं दुमत नाही. पण ते तिथे आजचे नाहीत. जंगलात ती त्याच जंतांसकट जगत होती, शिकार करत होती, अंडी घालत होती. बिघडतं ते पकडल्यानंतर. पकडणाऱ्याकडून मादागास्करच्या राजधानीतल्या, अंतानानारिव्होच्या निर्यातदाराकडे, तिथून पिशवीत नाहीतर डब्यात बंद होऊन विमानात, मध्ये एखाद्या व्यापाऱ्याकडे मुक्काम आणि मग आपलं दार. या सगळ्यात तिला पाणी कोण पाजतं? ही पाल वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. वाटी भरून ठेवली तरी तिच्या लेखी पाणी नाहीच. म्हणून आपल्याकडे येते तेव्हा ती आधी तहानलेली असते, मग भेदरलेली, आणि जंतांचा नंबर त्यानंतर लागतो. अंगातलं पाणी आटलं आणि प्रतिकारशक्ती ढासळली की एरवी गप्प असलेले परजीवी डोकं वर काढतात. जंत आठवडे घेतात. तहान आणि उष्मा काही दिवसांत जीव घेतात.

तुम्ही लिहिलंत, "आम्ही बाजारातून शेळी आणली की त्याच दिवशी जंताचं पाजतो." शेळी पंचवीस-तीस किलोची असते आणि दारात आली की हौदाला तोंड लावते. लीफटेलमधली छोटी जात, युरोप्लाटस फँटास्टिकस, चांगल्या अंगाची असली तरी १० ग्रॅमच्या आसपास भरते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा एक नेहमीचा डोस किलोला २५ मिलिग्रॅम धरा. १० ग्रॅमच्या पालीला तो पाव मिलिग्रॅम होतो. आता जनावरांच्या औषधांच्या दुकानातलं १० टक्क्यांचं पातळ औषध घ्या, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण ५ मिलिग्रॅम येतं. म्हणजे "एकच थेंब पाजला" म्हणणाऱ्यानं वीसपट औषध दिलेलं असतं. फेनबेंडाझोल सौम्य मानलं जातं, पण अती झालं तर सरपटणाऱ्यांच्या अस्थिमज्जेला इजा होते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यात कोरडी पडलेली पाल, जिची मूत्रपिंडं आधीच कशीबशी चालताहेत. पोटात जंत खूप असतील आणि ते एकदम मेले, तर त्यांचा निचरा करायलाही अंगात पाणी लागतंच.

शिवाय जंतनाशक एक आणि परजीवी अनेक जातींचे. गोल जंतांवर फेनबेंडाझोल चालतं. कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींवर ते चालत नाही, त्याला वेगळं औषध आहे. आतड्यातल्या शेपटीवाल्या एकपेशीय जीवांवर डॉक्टर मेट्रोनिडाझोल देतात. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय यातलं काय आहे हे तुम्ही सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही आणि दुकानदार तर अजिबात नाही. माझ्या लेखात "औषध देऊ नका" असं नव्हतंच. आधी पाणी, मग तपासणी, मग डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेलं औषध, हा क्रम होता. त्या क्रमावर मी आजही ठाम आहे.

पाणी अंगी लागलं हे कळतं कसं? पांढऱ्या कागदावरून. नवीन पालीच्या पेटीत माती, शेवाळ, सजावट काही नको. तळाला टिश्यू पेपर, दोन आडव्या-उभ्या फांद्या, कुंडीतलं एखादं रुंद पानांचं झाड, बास. एका पेटीत एकच पाल. कागद रोज बदलला की जंतांची अंडी परत तिच्या पोटात जात नाहीत, म्हणजे औषधाशिवायही अर्धी लढाई सुरू होते. त्या कागदावर विष्ठेसोबत एक फिकट गोळी पडते, ते तिचं युरिक आम्ल. प्रवासातून आलेल्या पालीची ही गोळी पिवळी, कधी चक्क केशरी असते आणि काडीनं दाबली तर तिचा कोरडा चुरा होतो. पाणी पोटात जायला लागलं की ती पांढरी आणि मऊ होत जाते. डोळे खोल गेलेत का, कुशीवरची कातडी दुमडलेलीच राहते का, शेपटीच्या बुडाशी हाडं दिसतात का, हेही बघा. पण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्या गोळीच्या रंगावर आहे.

पाणी द्यायचं संध्याकाळी, दिवे मालवल्यावर. हा निशाचर प्राणी आहे. बारीक फवारा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, थेट तोंडावर नको, पानांवर. सुरुवातीला ती हलतच नाही. फांदीला चिकटून, कडेची झालर पसरून, सालीचाच भाग असल्यासारखी पडून राहते. मग नाकाच्या टोकाशी एक थेंब लोंबतो, ती जीभ बाहेर काढते, थेंब टिपते आणि तीच जीभ डोळ्यावरून फिरवते; तिला मिटणाऱ्या पापण्या नाहीत, डोळा असाच पुसायचा असतो. एकदा प्यायला लागली की बराच वेळ पीत राहते. त्या वेळी दार उघडून हात घालू नका, फोटोसाठी टॉर्च मारू नका. दिवसा ती खोडावर डोकं खाली करून निश्चल पडली असेल तर घाबरू नका, मोठ्या जातींची ती झोपायची पद्धतच आहे. भर दुपारी फिरताना दिसली तर मात्र मनात पाल चुकचुकायला हवी.

आता कूलर. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर आणि हवेत आर्द्रता अगदी कमी, त्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो हे खरं. पण चांगला चाललेला कूलरसुद्धा अशा दुपारी २६-२७ अंशांची हवा फेकतो आणि खोली २८-३०च्या खाली क्वचितच उतरते. आपल्याला ते सुख वाटतं. फँटास्टिकस आणि सिकोरी या जाती पूर्व मादागास्करच्या डोंगरी पावसाळी जंगलातल्या, रानोमाफाना-अंदासिबे भागातल्या. त्यांना दिवसा २० ते २४ आणि रात्री त्याहून दोन-चार अंश कमी लागतं. २८ अंश दिवसेंदिवस राहिलं तर नवीन पाल खाणं सोडते आणि मरते. हेंकेली ही जात थोडं जास्त सोसते, तिचं रान वायव्येकडचं आणि तुलनेनं उष्ण, पण तिलाही २७ ही मर्यादाच समजा. जून लागला, हवेत दमटपणा आला की कूलर नुसतं वारं घालतो. एसीनं हवा कोरडी होते हे तुमचं म्हणणं बरोबर, पण ओलावा खोलीत नको, पेटीत हवा. तोही चोवीस तास ८० टक्के नको. फवाऱ्यानंतर ९०पर्यंत चढावा आणि दुपारपर्यंत पानं सुकावीत. सतत ओल्या आणि कोंदट पेटीत कातडीचे आणि श्वासाचे आजार होतात. जाळीचं झाकण त्यासाठीच.

जुन्या माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आतली खोली असेल तर ती सिमेंटच्या स्लॅबपेक्षा कितीतरी चांगली, एसीवरचा भारही कमी होतो. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, म्हणून थर्माकोलचा डबा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा. बाटली कापडात गुंडाळायची, पालीला टेकू द्यायची नाही.

तुमची पाल एप्रिलमध्ये आली आणि कूलरच्या खोलीत होती, असं तुम्हीच लिहिलंय. न बघता मरणाचं कारण सांगणं योग्य नाही. पण जंतांवर शिक्का मारण्याआधी हे लक्षात घ्या. तिकडे मादागास्करात पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्याकडे ऊन तापायला लागतं तेव्हा ती ओल्या जंगलातून आलेली असते. मार्च ते जून या काळात मराठवाड्यात नवीन लीफटेल आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि परत असं घडलं, घडू नये, तर शव डीप फ्रीझरमध्ये नको, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि लगेच शवविच्छेदनाला न्या. गोठवलं की पेशी फुटतात आणि डॉक्टरांना फार काही सांगता येत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आजच बंद करा. आपल्याकडच्या क्षारांनी फवाऱ्याचं तोंड आठवड्यात बुजतं, पानांवर पांढरे डाग पडतात आणि पाल तेच डाग चाटते. आरओचं नाहीतर स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी चांगलं. एसीचं टपकणारं पाणी झाडांना घाला, पालीला नको.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी एक सांगायलाच हवं. या पालींना गोगलगाय फार आवडते आणि शंखातून चुनाही मिळतो. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून शेतात त्या मुबलक आहेत आणि त्यांच्यासाठी टाकलेलं मेटाल्डिहाइडचं विषारी आमिषही. शेतातली गोगलगाय, कापसावरचा नाकतोडा, दिव्यावर आलेला पतंग यातलं काहीही पेटीत टाकू नका. घरी वाढवलेले रातकिडे, वर कॅल्शियमची पूड. मादी असेल तर जास्तच, कारण बऱ्याच माद्या पोटात अंडी घेऊनच येतात.

टँकरचा मुद्दा. एका पेटीला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं, त्यामुळे पाण्यावरून मी वाद घालणार नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जे आहे ते मला मान्य आहे. ज्या घरात एसी नाही, ग्रॅममध्ये मोजणारा काटा नाही आणि सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठता येत नाही, तिथे डोंगरी जातीची लीफटेल असूच नये. रानातून धरलेली तर कुणीच विकत घेऊ नये. बँकॉकहून येणाऱ्या सामानात कोंबलेले विदेशी प्राणी विमानतळांवर सापडतात, ते कुणीतरी इथे पैसे मोजायला तयार असतो म्हणून. युरोप्लाटसच्या, म्हणजे लीफटेलच्या, सगळ्या जाती साईट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, साईट्सच्या यादीतले प्राणी आता अनुसूची ४ मध्ये येतात. २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, प्राणी मेला, तरी कळवावं लागतं. मी लिहितो ते इथे पोहोचलेल्या प्राण्यांसाठी. त्यांना परत रानोमाफानाला सोडता येत नाही, आणि त्यांच्या मालकांना मराठीत काही वाचायला मिळत नाही म्हणून ते शेळीचं औषध पाजतात.

तुमच्या दुसऱ्या पालीसाठी आता एवढं करा. उद्या संध्याकाळी फवाऱ्याआधी तिला डब्यासकट काट्यावर ठेवा, डब्याचं वजन वजा करा आणि वहीत लिहा. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, रोज नाही. ताजी विष्ठा मिळाली की छोट्या झिपच्या पिशवीत पाण्याच्या एका थेंबासोबत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकरात लवकर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. उदगीर जवळ पडत असेल तर तिथेही महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून विचारा. नोंदणी झाली नसेल तर तेही मागे ठेवू नका. वजन, गोळीचा रंग आणि खोलीचं दुपारी तीनचं तापमान मला इथेच खाली कळवा. पेटीचा फोटो टाकलात तर हवा कुठून खेळते तेही बघून सांगतो.