फोडणीपुरते परराष्ट्र धोरण

आपला महिन्याचा खर्च आपल्या पगारावर आणि आपल्या काटकसरीवर अवलंबून असतो, अशी ज्यांची अजूनही समजूत असेल त्यांनी प्रथम ती सोडून द्यावी. आपल्या आजोबांच्या काळी ती ठीक होती. त्यांच्या रोजकीर्दीत जमा आणि नावे असे दोनच रकाने असत आणि रात्री दोन्हींचा मेळ बसला की त्यांना शांत झोप लागे. आपण त्या वहीत तिसरा रकाना आखून घ्यावा आणि त्याला ‘घडामोडी’ असे नाव द्यावे. महिनाअखेरीस जी रक्कम कशातच सापडत नाही, ती या रकान्यात टाकली म्हणजे हिशेब लगेच जुळतो आणि घरात कोणावर संशयही राहत नाही.

अभ्यासाला सुरुवात हिंगापासून करावी, कारण त्याची डबी लहान असते आणि धडा स्वस्तात मिळतो. कच्चा हिंग आपल्याकडे मुख्यतः अफगाणिस्तानातून येतो. हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाचे रोप लावले गेले खरे, परंतु त्या झाडाला चीक देण्याच्या वयात यायला पाचेक वर्षे लागतात आणि आपल्याकडे आमटीला फोडणी रोज लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा विमानतळावरची गर्दी दूरचित्रवाणीवर पाहून आपण हळहळत बसलो. दूरदर्शी गृहिणीने हळहळण्यापूर्वी दोन डब्या आणून ठेवल्या. सुदैवाने बाजारी डबीत हिंगापेक्षा मैदा आणि डिंक यांचाच भरणा अधिक असल्यामुळे अफगाणिस्तानातील उलथापालथ आपल्या वरणापर्यंत पोहोचेपर्यंत बरीच सौम्य होते. भेसळीचे असे संरक्षक मूल्य अर्थशास्त्राने अद्याप मान्य केलेले नाही.

तेलाच्या बाबतीत ही सोय नाही. आपण खातो त्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते, त्यामुळे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आपल्या ओट्यावर बसल्या जागी महाग झाली. त्यातून सावरून आपण पामतेलाकडे वळावे, तर २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली आणि ती २३ मेपर्यंत बंदच ठेवली. या काळात माझ्या पत्नीने एक शोध लावला. तेलाची पिशवी कात्रीने कापून ती किटलीत ओतण्याचे काम आमच्याकडे वर्षानुवर्षे तिचेच आहे आणि एक पिशवी ओतली की तेल किटलीच्या गळ्यापर्यंत येते, हे तिच्या हाताला पाठ आहे. एके दिवशी ते गळ्याच्या बोटभर खालीच थांबले. तिने पिशवी पिळली, उलटी टांगली, शेवटी चष्मा लावून तिच्यावरचा मजकूर वाचला. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, ही आमच्या घरातली पूर्वापार श्रद्धा. पिशवीवर मात्र बारीक अक्षरांत ८४० ग्रॅम असे छापलेले होते. पिशवीचा आकार, रंग आणि तिच्यावरचे हसणारे कुटुंब यांत काहीही बदल नव्हता. महागाई वाढली की वजन कमी करावे, हा सल्ला डॉक्टरांनी आपल्याला दिला होता; तो पिशवीने आधी मनावर घेतला, एवढेच. आपणही किटली बदलून लहान घ्यावी, म्हणजे तेल पुन्हा गळ्यापर्यंत येईल.

यापुढचा धडा थोडा कठीण असल्यामुळे तो सावकाश समजून घ्यावा. बातम्या दोन प्रकारच्या असतात. भाववाढीची बातमी जलद गाडीने येते आणि आपल्या स्थानकावर थांबतेच. भाव उतरल्याची बातमी मालगाडीने निघते आणि वाटेत कोठे तरी बाजूच्या रुळावर उभी राहते. १४ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपती अजून घरोघरी बसलेले असताना, केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. त्या वेळी जुन्या दराने आलेले सुमारे ३० लाख टन तेल देशात होते आणि ते ४५ ते ५० दिवस, म्हणजे दिवाळीच्या चकल्या तळून होईपर्यंत, पुरले असते. तोवर भाव वाढवू नयेत, अशी सूचनाही अन्न मंत्रालयाने तेल उद्योगाला केली होती. आमच्या वाण्याकडे भाव चढायला मात्र दिवाळीपर्यंत थांबावे लागले नाही. जुन्या मालाला नवा भाव कसा, असे मी विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. तेव्हा आपण हे विचारू नये.

पेट्रोलचे शास्त्र याहून प्रगत आहे. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील कच्च्या तेलाच्या वायदे बाजारात एका पिंपाचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरपर्यंत घसरला. म्हणजे तेल नेणाऱ्यालाच वर पैसे द्यायची तयारी होती. हा भाव एका महिन्याच्या वायद्यापुरता होता, हे खरे. परंतु जगभरच कच्चे तेल त्या दिवसांत कवडीमोल झाले होते. ते पाहून आपल्यातील काही भाबड्या मंडळींनी गाडीची टाकी मुद्दाम रिकामी ठेवली. सरकारने त्यापूर्वीच मार्चमध्ये उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपयांनी वाढवले होते, मे महिन्यात ते पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले आणि स्वस्ताई आपल्यापर्यंत पोहोचून आपल्याला बाधू नये याची व्यवस्था केली. साथीचे दिवस होते, काळजी घेणे आवश्यकच होते.

पेट्रोलचे भाव जून २०१७ पासून रोज बदलतात, असे आपल्याला सांगितले गेले आहे. रोज या शब्दाचा अर्थ मात्र निवडणुकीच्या वेळापत्रकाबरोबर वाचावा. नोव्हेंबर २०२१ च्या दिवाळीत भाव स्थिरावले आणि पाच राज्यांच्या निवडणुका होऊन १० मार्च २०२२ रोजी त्यांचे निकाल लागेपर्यंत ते जागचे हलले नाहीत, जरी मधल्या काळात युरोपात युद्ध सुरू झाले होते. २२ मार्चला त्यांना पुन्हा रोज बदलण्याची आठवण झाली, आणि बहुतेक दिवशी ८० पैसे, याप्रमाणे ६ एप्रिलपर्यंत पेट्रोल लिटरमागे १० रुपयांनी चढले. म्हणून माझा आग्रह आहे की गाडीच्या कागदपत्रांबरोबर निवडणूक आयोगाचे पत्रकही जवळ बाळगावे. सिलिंडरसाठी पंचांग पुरते. २०२३ मध्ये रक्षाबंधनाला घरगुती सिलिंडर २०० रुपयांनी उतरला आणि २०२४ मध्ये महिला दिनाला १०० रुपयांनी. एप्रिल २०२५ मध्ये तो ५० रुपयांनी चढला, तो कोणत्या सणानिमित्त, हे मात्र पंचांगात सापडले नाही; रामनवमी तर आदल्याच दिवशी होऊन गेली होती.

आता गृहकर्जाकडे वळू, कारण घरातील सर्वांत मोठी वस्तू तीच असते. सप्टेंबर २०२१ मध्ये, गणेशोत्सवाच्या सवलतीत, मी ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ६.७० टक्क्यांनी घेतले आणि महिन्याला २२,७२२ रुपयांचा हप्ता सुरू झाला. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने उसने देते तो रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. हा दर म्हणजे काय, हे समजून घेण्याची मला गरज वाटली नव्हती; ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन तो वाढवला, तेव्हा ती वाटू लागली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर पोहोचला आणि माझे कर्ज त्याला बांधलेले असल्यामुळे तेही त्याच्यामागून ९.२० टक्क्यांवर गेले. हप्ता मात्र तेवढाच राहिला. बँकेतील तरुण अधिकाऱ्याने, “काका, तुमचा हप्ता एक रुपयानेही वाढू दिलेला नाही,” असे सांगितले, तेव्हा मी भारावून जाऊन त्याचे आभार मानले आणि घरी येऊन खातेउतारा उघडला. २२,७२२ रुपयांपैकी मुद्दलात जेमतेम तीनशे रुपये जात होते, बाकीचे सर्व व्याज होते. त्या गतीने कर्ज फिटायला सुमारे ४७ वर्षे लागली असती आणि मी तेव्हा ४३ वर्षांचा होतो. नव्वदाव्या वर्षी हाती काही ध्येय असलेला माणूस दीर्घायुषी होतो, असे म्हणतात. बँकेने माझ्या आयुष्यावर जो विश्वास दाखवला तो माझ्या विमा कंपनीने कधीच दाखवलेला नाही. पुढे बँकेच्याच वयोमर्यादेच्या नियमात हे आयुष्य बसेना, तेव्हा हप्ताही वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे. त्याप्रमाणे मला विचारणारा अर्ज आला, आणि मला विचार करण्याचा त्रास नको म्हणून त्यातील एका चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली होती.

येथे एक उपाय सुचवतो. ज्या घरात मुलाचे कर्ज आणि वडिलांची मुदत ठेव एकाच बँकेत असते, त्या घराने घडामोडींना घाबरण्याचे कारण नाही. रेपो दर चढला की मुलगा जेवताना गप्प असतो आणि वडील दोन घास जास्त जेवतात. २०२५ मध्ये तो ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर उतरला, तेव्हा आमच्याकडे वडील गप्प झाले. त्यांच्या ठेवीचे नूतनीकरण नेमके अशाच एका कपातीच्या महिन्यात आले होते आणि नवा कमी दर त्यांना त्याच दिवशी लागू झाला. माझ्या कर्जाचा दर ‘पुढील तिमाहीच्या आढाव्यात’ कमी व्हायचा होता. मधल्या काळात जेवणाच्या टेबलावर संपूर्ण शांतता होती.

अल्पबचतीविषयी एवढेच सांगतो की रात्रीच्या बातम्यांवर झोप उडवून घेऊ नये. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी सरकारने या योजनांचे व्याजदर उतरवले आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा (पीपीएफचा) दर ७.१ वरून ६.४ टक्के झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, आपण चहा घेत असतानाच, अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की तो आदेश नजरचुकीने निघाला होता आणि तो मागे घेण्यात येत आहे. त्या दिवशी बंगाल आणि आसाममध्ये मतदानाचा दुसरा टप्पा होता, हा निव्वळ योगायोग. मी त्यानंतर एकदा गृहकर्जाचा हप्ता नजरचुकीने चुकवून पाहिला. नजरचुकीची ही सोय सर्वांसाठी नाही, असे दंडाची रक्कम पाहून लक्षात आले.

सोन्याविषयी लिहिण्यासारखे फारसे उरलेले नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, ते पाहून थांबू या म्हणणारे थांबले, आणि एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमने लाखाचा आकडा ओलांडला. २०२६ च्या अधिक ज्येष्ठात जावयाला वाण देताना तेहतीस अनारसे मोजून द्यावेत आणि अंगठीचा विषय निघालाच तर जागतिक अस्थिरतेवर बोलावे.

कांद्याच्या बाबतीत माझे स्थान नाजूक आहे, कारण मी तो खातो आणि निफाड तालुक्यातला माझा मावसभाऊ तो पिकवतो. दूरचित्रवाणीवर कांद्याचा हार घातलेला निवेदक दिसला की मी मावसभावाचे अभिनंदन करायला फोन करतो आणि तो मला शिव्या देतो, कारण त्याने आपला माल त्याआधी दोन महिन्यांपूर्वीच विकलेला असतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, तेव्हा त्याचा लाल कांदा शेतात होता. लासलगावचा भाव कोसळला आणि तो फोनवर बोलेनासा झाला. माझ्या गल्लीत कांदा उतरायला आणखी कित्येक दिवस लागले, कारण लासलगावची बातमी आमच्या हातगाडीवाल्याला, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, उशिरा कळते. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीत मतदान २० मे रोजी होते. उठवताना ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावले होते, म्हणजे दार उघडले होते आणि उंबरा छातीइतका होता. पिकवणारा आणि खाणारा या दोघांपैकी एकाचा तरी फायदा प्रत्येक वेळी झालाच असणार, असा विचार करून आम्ही भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहतो. नातेसंबंध टिकवायचे असतील तर आपण कांदा पिकवणारे नातेवाईक ठेवू नयेत.

शेवटी आकडेवारी. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता, असे नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या त्या मालिकेतील तो सर्वांत कमी दर होता. ज्या टोपलीवरून तो मोजला गेला तिच्यात २०११–१२ च्या पाहणीप्रमाणे वस्तू भरलेल्या होत्या आणि त्यांत ध्वनिफितीही होत्या, त्यामुळे ज्यांचा घरखर्च प्रामुख्याने कॅसेटवर होतो त्यांना ही स्वस्ताई चांगलीच जाणवली असेल. मी त्या बातमीचे कात्रण खिशात घालून वाण्याकडे गेलो. २२ सप्टेंबरपासून टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला आहे, हेही मला पाठ होते. त्याने टूथपेस्टची नळी पुढे ठेवली आणि जुनीच किंमत सांगितली. जुना माल आहे, काका. मी हिंगाची डबी मागितली. तिची किंमत वाढलेली होती. मी कात्रण उलगडायला लागलो, तेव्हा त्याने ते हातानेच खाली सारले आणि हळू आवाजात म्हणाला, “अफगाणिस्तान-पाकिस्तानमधली तोरखमची सरहद्द महिनाभर बंद आहे. दोन घेऊन ठेवा.”

मी दोन घेतल्या.