दार कोणी उघडायचं?

आमच्या टेबलावर ड्रॅगन मरतात, राज्यं बुडतात, अधूनमधून एखादा देवही प्रकट होतो. त्यावरून कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. वाद होतो तो कुलपावरून.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. मी आमच्या गटाचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर. पदवी भारदस्त आहे. काम असं, की राक्षसापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची सोंगं आपणच काढायची आणि मांडीवर नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवून ‘असं केलं तर चालेल का?’ या प्रश्नाला रात्रभर तोंड द्यायचं. बाकीचे हिरो होतात. मला ॲसिडिटी होते.

तर कुलूप. तळघरात लोखंडी दार, दारामागे खजिना. आमचा चोर (म्हणजे चोराचं कॅरेक्टर खेळणारा मित्र, माणूस सरळ आहे) पुढे सरसावतो. पाचव्या लेव्हलचा, त्यातही कुलपं उघडण्यात खास तरबेज, त्यामुळे फाशावर पडेल त्यात त्याचे १० मिळवायचे. कुलूप अवघड, डीसी (म्हणजे गाठायचा आकडा) २०. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर पडायला हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. आयुष्य वेचून कमावलेल्या हस्तकौशल्याचा भाव नाणं उडवण्याहून जेमतेम पाच टक्क्यांनी जास्त! तो बिचारा सविस्तर वर्णन करतो: हातमोजे काढले, कान दाराला लावला, बारीक आकडा आत सरकवला, श्वास रोखला. मग फासा टाकतो. फासा गडगडत चिप्सच्या वाडग्याला आपटतो आणि थांबतो. चार.

सगळे हळहळतात. तेवढ्यात मोबाइलमधून मान वर न काढता विझार्डबाई, म्हणजे आमच्या जादूगार, म्हणतात, “मी नॉक टाकते.”

नॉक हा कुलूप उघडायचा स्पेल, म्हणजे मंत्र. संपलं. फासा नाही, डीसी नाही, श्वास रोखणं नाही. दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट (दिवसभरात टाकता येणाऱ्या स्पेलच्या कोट्यातला एक) खर्च आणि दार उघडं. चोर माझ्याकडे असा बघतो, जणू पुस्तक मीच लिहिलंय.

ही भानगड जुनी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली आला, तेव्हाच्या जादूच्या यादीत नॉक होता, पण चोर नव्हता. तो १९७५ च्या पुरवणीत आला. म्हणजे या गड्याला कामावर घेतलं तेव्हाच त्याचं काम दुसरं कोणीतरी करत होतं! १९८१ च्या बेसिक नियमांत तर पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता दिलीय १५ टक्के. पंधरा! एवढ्या भांडवलावर माणसाने चोरी हा व्यवसाय निवडावा, याला धाडस म्हणायचं की घरच्यांची बळजबरी, ते तुम्हीच ठरवा.

आणि कुलपापुरतं असतं तर एक वेळ निभावलं असतं. आमच्या रेंजरबाईंनी जंगलात शिकार, माग काढणं, कंदमुळं ओळखणं असं काय काय शिकून घेतलं. मग ड्रुइडने, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या गड्याने, गुडबेरी टाकला. पहिल्या लेव्हलचा स्पेल, दहा फळं, एका फळात माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. मी मोठ्या उत्साहाने आखलेला दुष्काळी प्रदेश त्यांनी सहलीसारखा पार केला. नंतर पास विदाउट ट्रेस सापडला. त्याने सगळ्यांच्या लपण्याछपण्यात १० मिळतात, त्यामुळे पत्र्याच्या दुकानासारखा खणखणत चालणारा आमचा फायटरही मांजराच्या पावलांनी जातो. चोराने तेव्हा विचारलं होतं, “मी नक्की कशाला येतो रे?” उत्तर द्यायला कोणीच पुढे आलं नाही. पहारेकरी मारायचे राहिले होते.

चोराच्या प्रत्येक इच्छेमागे फासा उभा असतो. कुंपणावरून उडी मारू का? टाक फासा. थाप मारू का? टाक फासा. विझार्ड मात्र मला नुसतं कळवते. तिला स्लॉटची मर्यादा असते, हे पुस्तकाचं म्हणणं. पण २०१४ च्या नियमांत डीएमसाठी जे पुस्तक आहे, ते दिवसभरात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी धरून चालतं. आमच्याकडे एक चकमक झाली की सगळे आठ तास झोपायला मोकळे. उठले की स्लॉट परत जागेवर. इतकी नियमित झोप मला खऱ्या आयुष्यात मिळाली असती तर मीही स्पेल टाकले असते.

यावर अनेकांनी अनेक औषधं काढलीत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नॉकचा दहा मिनिटांचा विधी करून टाकला होता. तेवढ्यात चोराचं काम उरकायचं. लोकांना ते फार सपक वाटलं. मला स्वतःला सर्वांत आवडतो तो २०१४ चा खोडसाळपणा: नॉकने दार उघडतं, पण असा दणका होतो की ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. ज्याने कोणी ही ओळ लिहिली, तो नक्की कुठल्यातरी टेबलावर डीएम म्हणून भाजून निघालेला असणार. स्लॉट गेल्याचं दुःख झोपेपर्यंत टिकतं. जिन्यावरून धावत येणाऱ्या पहारेकऱ्यांचं दुःख ताबडतोब कळतं.

त्यात मी माझी एक भर घातली, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतून उसनी आणलेली. घाई नसेल तर चोराने फासा टाकायचाच नाही. वीसपट वेळ द्यायचा आणि २० पडले असं धरायचं. त्याचे १० मिळवून ३० झाले, कुलपाची काय बिशाद! म्हणजे आग लागली असेल तर विझार्ड, गुपचूप जायचं असेल तर चोर. दोघांनाही हे पटलं. चोराने तर मला चहा आणून दिला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग आमच्या क्लेरिकने, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याने, पुस्तक वाचलं. खेळणाऱ्यांनी पुस्तक वाचणं याइतकं डीएमच्या जिवावर बेतणारं काही नाही.

“सायलेन्स टाकला की वीस फुटांच्या गोलात आवाज होतच नाही ना?”

“हो.”

“मग दार गोलाच्या आत.”

“आत गेलात तर नॉकचा मंत्र म्हणता येणार नाही,” मी घाईघाईने म्हणालो. “तोंडून आवाजच फुटणार नाही.”

“विझार्ड बाहेरच उभी राहील ना. नॉक साठ फुटांवरून टाकता येतो.”

मी पान उघडलं. साठ फूटच होते. दणका दारातून निघतो, असंही स्वच्छ लिहिलं होतं. विझार्डने पहिल्यांदाच मोबाइल पालथा ठेवला आणि क्लेरिकला टाळी दिली. एका कुलपासाठी दोन जणांचे दोन स्लॉट, म्हणजे गडगंज उधळपट्टी, पण आवाज शून्य.

चोर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नॉक राहू दे. नुसता सायलेन्स टाका. माझा आकडा आत मोडला तरी कोणाला ऐकू जाणार नाही, मी निवांत उघडतो.”

“पण तुला कुलपाची खटखट ऐकू येणार नाही,” विझार्ड म्हणाली. “तुला डिसॲडव्हान्टेज लागेल. दोन फासे, त्यातला कमी धरायचा.”

“कुलूप बोटांनी उघडतात. कानाने नाही!”

“मग मघाशी कान दाराला कशाला लावला होतास?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात यावर एक अक्षर नाही. मी पुढच्या वेळी निकाल देतो म्हणून सांगितलंय, आणि तोपर्यंत दोघांचेही स्वतंत्रपणे, लांबलचक मेसेज येतायत. चोराने तर कुलपाच्या आतल्या रचनेची आकृती काढून पाठवलीय.