आधी क्लास बघ, मग कोड लिही!

पुन्हा तेच! सांगलीत आम्ही दोघं गोडॉट या गेम इंजिनवर गेम बनवतोय आणि कोड लिहून देणारा एआय एजंट दर वेळी 'कायनेमॅटिकबॉडी2डी' हे क्लासचं (पात्र हलवायच्या तयार कोड-साच्याचं) जुनं नाव लिहून देतो. अरे बाबा, मार्च 2023 मध्ये गोडॉट 4 आलं, तेव्हाच त्याचं 'कॅरेक्टरबॉडी2डी' झालं! पात्र हलवणाऱ्या 'मूव्ह_अँड_स्लाइड' या फंक्शनच्या कंसात आता काही द्यायचं नसतं, वेग आधी 'व्हेलॉसिटी'त ठेवायचा. हा मात्र बिनदिक्कत कंसात वेग कोंबतो, लाल एरर आली की माफी मागतो, आणि पुढच्याच फाइलीत परत तीच चूक. डोकं उठतं! सगळ्या क्लासची माहिती इंजिनातच असते, 'डॉकटूल' ही कमांड चालवली की एक्सएमएल फाइलींमध्ये बाहेर पडते. ती शोधायचं टूलही एजंटला जोडून दिलंय. तरी न बघता ठोकून देतो. नवं शिकणाऱ्या पोराला वाटतं आपलंच चुकलं, याचा जास्त संताप येतो.