‘बेळगावकडे चालत असेल’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. मूळ लेख वाचला नसेल, तर तो ज्या पुस्तकातून कळला त्याचं नाव देऊन ‘उद्धृत केल्याप्रमाणे’ लिहा, असं मी लिहिलं होतं. त्यावरचं तुमचं म्हणणं वाचलं.

संदर्भसूचीत प्रकाशकाचं गाव लिहायची पद्धत एपीएच्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियमपुस्तकाच्या, 7 व्या आवृत्तीने बंद केली, हे तुमचं बरोबर. माझ्या नमुना-सूचीतून ते काढलं.

आता तुमचं ते वाक्य. ‘मूळ लेख न वाचता “अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे” असं लिहायला पोरांना शिकवणं म्हणजे आळसाला सर्टिफिकेट देणं, बेळगावकडे चालत असेल, पुण्यात नाही.’

बेळगावकडे काय चालतं, ते तुम्ही कधी येऊन पाहिलंत? मी खानापूर तालुक्यातला. शाळा मराठीत, कॉलेज इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडात. एम.ए.च्या वेळी एकेका लेखासाठी धारवाड गाठायचो. जाडजूड बांधीव जर्नल झेरॉक्सवर नीट उघडायचं नाही, शिवणीकडचा मजकूर काळा पडून यायचा. तिथले शब्द आणि पान नंबर पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. तेव्हा आळस कशाला म्हणतात हे मला शिकवू नका.

आणि मुद्दा तरी काय होता माझा? जे वाचलंय तेच वाचलं म्हणा, एवढाच. मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा 1943 चा लेख घ्या. त्यात माणसाच्या गरजांची उतरंड आहे, पिरॅमिडचं चित्र नाही. तरी प्रोजेक्टात रंगीत पिरॅमिड आणि खाली ‘मॅस्लो, 1943’! ते पोर आळशी नसतं हो. मोठं नाव टाकलं की वजन येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. बहुधा तुमच्यासारख्याच कुणीतरी.

छोट्या अल्बर्टचंही तेच, म्हणजे वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात ज्याला भीती लावली त्या बाळाचं. त्याची भीती नंतर घालवली, असं काही पाठ्यपुस्तकांनी बिनधास्त छापलं. वॉटसन आणि रेनर यांच्या 1920 च्या लेखात मात्र उलट आहे: ते मूल त्याआधीच हॉस्पिटलातून नेलं गेलं, त्यामुळे तो भाग करताच आला नाही. आता पाठ्यपुस्तकातली थाप पोराने थेट ‘वॉटसन आणि रेनर, 1920’ म्हणून लिहिली, तर खोटं कुणाच्या नावावर गेलं? ‘उद्धृत’ लिहून पुस्तकाचं नाव दिलं असतं, तर चूक जिथली तिथे सापडली असती. यात सर्टिफिकेट कुठे आलं?

मॅस्लोचा लेख आता नेटवर फुकट मिळतो, म्हणालात. मिळतो, माहीत आहे. तुमच्या उरलेल्या मुद्द्यांत वेळ घालवत नाही.

‘कुणी शिकवलं हो तुम्हाला?’ हेही विचारलंत. माझ्या सरांबद्दल या सुरात बोलायचं असेल, तर आधी स्वतःचं नाव लिहा. स्रोतांवरून इतकं सुनावणारा माणूस ‘एक वाचक’ म्हणून सही करतो, हे काय?

आणि एपीएचं पुस्तक हाताशी असेलच, तर कलम 8.6 उघडा. दुय्यम स्रोत, म्हणजे मूळ लेखाबद्दल सांगणारं दुसरं पुस्तक, कमी वापरा, पण मूळ मिळत नसेल किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल तर चालतो, असं तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसचं स्मरणशक्तीवरचं 1885 चं पुस्तक जर्मनमध्ये आहे. तुम्ही ते जर्मनमधूनच वाचलं असणार!