‘आधी शिका, मग शिकवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्वतःच्या डोमेनवर ईमेल कसा सुरू करावा या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “डीमार्क पी=नन ठेवायला सांगणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणं. एसपीएफची मर्यादा चुकीची दिली आहे. पीटीआरचा उल्लेखही नाही. आधी शिका, मग शिकवा.”

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात : एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, ती डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये असते. डीमार्क म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम : पी=नन म्हणजे काही करू नका, क्वारंटाइन म्हणजे स्पॅममध्ये टाका, रिजेक्ट म्हणजे घेऊच नका.

एसपीएफच्या मर्यादेबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ‘दहा नोंदी’ लिहिलं होतं. मर्यादा १० डीएनएस लुकअपची, म्हणजे यादी तपासताना डीएनएसकडे कराव्या लागणाऱ्या विचारणांची आहे, थेट लिहिलेले आयपी पत्ते त्यात धरत नाहीत. लेखात दुरुस्ती केली, आभार.

पण शेवटचं वाक्य कशासाठी? चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. चारचौघांत एखाद्याची अक्कल काढायची ही कुठली रीत?

गिरगाव, लालबाग, परळ या पट्ट्यात १२ वर्षं मी छोट्या धंदेवाल्यांचे मेल लावून देतोय. शिकलो ते तिथेच. एका लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून जुलैत फोन आला. भर पावसात गेलो तर मालक काउंटरवर वही उघडून बसलेले, ज्यांची बिलं थकली त्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने फुल्या. गिऱ्हाइकं म्हणत होती, बिल आलंच नाही. कुणीतरी, तुमच्याइतक्याच खात्रीने, पहिल्याच दिवशी पी=रिजेक्ट टाकून दिलं होतं. ऑफिसचे मेल नीट पोचत होते, त्यांना डीकिमची सही होती, म्हणजे मेल त्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण. बिलं मात्र बिलिंग सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवरून जायची, ‘प्रेषक’ म्हणून डोमेन प्रेसचं. तो सर्व्हर एसपीएफमध्ये नव्हता, त्याची सही पडताळायची डीकिमची किल्लीही डीएनएसमध्ये नव्हती. समोरच्या सर्व्हरने मेल घेतलेच नाहीत, आणि बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही अशा सूचना, गेले सॉफ्टवेअरवाल्याच्या पत्त्यावर. मालकांना अकरा दिवस काही कळलं नाही. ‘अहो, आमचंच डोमेन, मग आमचीच बिलं परत का?’ हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पी=नन आणि सोबत ‘रुआ’चा पत्ता, म्हणजे डीमार्कचे रिपोर्ट जिथे येतात तो, दिला असता तर रोजच्या रिपोर्टमध्ये तो अनोळखी सर्व्हर दोन-चार दिवसांत दिसला असता. पी=नन असतं ते यासाठी. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते आधी बघायचं, आपले असतील त्यांची सही लावून घ्यायची, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट. हा क्रम माझ्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं. गूगलनेही फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा केला, त्यातही किमान अट पी=ननचीच ठेवली. त्यांनाही ‘आधी शिका’ म्हणणार का?

हो, पी=नन असेपर्यंत तुमच्या नावाने खोटा मेल पाठवणाऱ्याला डीमार्क अडवत नाही. ते मला माहीत आहे. पण ज्याची महिन्याची वसुली मेलवरच्या बिलांवर चालते, त्याचे खरे मेल बंद पाडून मी सुरक्षेच्या गप्पा मारणार नाही.

पीटीआर, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, हा स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांचा विषय. माझे वाचक मेलची सेवा विकत घेतात, तिथे ते काम सेवा देणाऱ्याचं. म्हणून लिहिलं नाही, आणि लिहिणारही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी खाली नाव लिहा. निनावी राहून दुसऱ्याला शिकायला सांगणं मला पटत नाही.